भेंडी कुठे सुकली: रायत्याहून निघालेल्या टेम्पोतला प्रवास

लोक सुट्टी काढून कोकणात जातात, महाबळेश्वरला जातात. मी गेले कल्याणच्या पलीकडे, भेंडीच्या मागे. तेही हौसेने नाही, चिडून.

आधी थोडं सांगते. मी ठाण्यात नौपाड्यात आईबरोबर राहते आणि आकड्यांची चित्रं काढते. कंपन्या, संस्था आपापले आकडे पाठवतात आणि मी त्यातून तक्ते, नकाशे, आलेख बनवते, बघणाऱ्याला एका नजरेत कळावं म्हणून. या खेपेला काम आलं होतं भाजीच्या नासाडीचं. शेतातून ताटापर्यंत येताना भाजी कुठे कुठे वाया जाते, ते दाखवायचं. काम देणारी कंपनी ठाण्यातलीच, अ‍ॅपवरून घरपोच भाजी पाठवणारी. तिचं नाव इथे लिहीत नाही. तिथल्या मुख्य माणसाला मी नुसतं साहेब म्हणेन.

त्यांच्या फाईलवरून मी पहिलं चित्र काढलं. डावीकडे शेत, उजवीकडे ताट, मधून वाहणारा हिरवा पट्टा, आणि जिथे माल वाया जातो तिथे खाली वळणारा लाल फाटा. शेतापाशीचा लाल फाटा चांगलाच जाड आला. त्यापुढे कंपनीचं गोदाम, कंपनीच्या गाड्या, कंपनीचं दुकान, सगळीकडे लाल रंग दोऱ्याएवढा. साहेब खूश. "एकदम क्लीन, मॅडम! बघताक्षणी कळतं."

मी विचारलं, "शेतावरची नासाडी मोजली कोणी? तुमची माणसं शेतात जातात?"

"डेटा आमच्या सिस्टीमचा आहे. फाईल आहे तशी वापरा."

या उत्तराने माझं डोकं फिरलं. त्याच संध्याकाळी मी ते चित्र सुजाताला मोबाईलवर पाठवलं. सुजाता माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र चालवते. लगेच तिचा फोन आला.

"हे काय काढलंयस तू? शेतात एवढी भाजी सडते? मी भेंडी घेते ना थेट रायते गावच्या रंजनाताईंकडून, त्यांच्याच मळ्यातली. शेतात सडलेली भेंडी मला तरी कधी दिसली नाही."

"मग कुठे सडते?"

"चल, बघून येऊ. उद्या त्यांचा माल तुझ्याच कंपनीला जाणारे."

म्हणून निघालो.

तुम्हाला कधी जायचं असेल तर सांगते, सोपं आहे. सकाळी ठाण्याहून डोंबिवलीकडे जाणारी गाडी उलट्या दिशेची, बसायला आरामात मिळतं. पुढे आम्ही सुजाताच्या व्हॅनने गेलो: पत्री पूल, कल्याण, शहाडचा पूल आणि मग मुरबाड रस्ता. शहाडला पुलाआधी भल्या सकाळीसुद्धा गाड्या अडकतात, तेव्हा नाश्ता त्या आधीच उरका. आम्ही कल्याणला मिसळ खाल्ली, तर्री जहाल होती. म्हारळ, वरप, कांबा असं करत रायत्याला पोचलो. इथे उल्हास नदी रस्त्याला अगदी खेटून येते. मार्च संपत आलेला, तरी नदीकाठचे मळे हिरवेगार. मळ्यांच्या मागे नव्या इमारतींचे सांगाडे, त्यावर 'निसर्गाच्या कुशीत' असे फलक. खर्च म्हणाल तर सीएनजी आणि मिसळ. ठाण्यातल्या मॉलमध्ये दोघींनी कॉफी प्यायली तरी जास्त होईल.

रंजनाताई पन्नाशीच्या, आगरी समाजातल्या, पिढ्यान् पिढ्या तिथल्याच. थोडी जमीन बिल्डरला दिलेली, घर दुमजली, आणि नदीकडचा मळा मात्र त्यांनी हट्टाने ठेवलेला. आम्ही पोचलो तेव्हा तोडणी संपत आली होती. पाच-सहा बायका भराभर क्रेट भरत होत्या. क्रेट कंपनीचे, निळे, त्यावर पांढऱ्या अक्षरात: थेट शेतातून, ताजं.

"ही बग," म्हणत ताईंनी एक भेंडी उचलली आणि अंगठ्याने तिचं टोक दाबलं. कट्‌कन मोडलं. "मोडली म्हंजे ताजी. वाकली म्हंजे गेली. तुमचे कंपनीवाले पन असंच बगतात."

मी शेतभर फिरले. वाया गेलेला माल होता की. किडकी, वाकडी, जून झालेली भेंडी बांधावर एका टोपलीत पडलेली होती. एक टोपली. तीही गोठ्यातल्या म्हशीसाठी जाणार होती. माझ्या चित्रातला तो जाड लाल फाटा या टोपलीतून निघणं शक्यच नव्हतं.

ताईंनी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खायला लावलीच. मिसळ अजून पोटात होती, पण ती चटणी सोडवेना. मग क्रेट टेम्पोत चढले, त्यावर ओली गोणपाटं पडली आणि ताई स्वतः स्टिअरिंगवर बसल्या.

"बाय, तू माझ्या बाजूला बस. तुला रस्ता बगाचा हाय ना?"

सुजाता मागून व्हॅन घेऊन आली. कंपनीचं संकलन केंद्र कोनगावच्या पुढे, गोदामांच्या रांगेत. म्हणजे परत कल्याण, दुर्गाडीचा पूल, आणि मग भिवंडीच्या दिशेने. ताई गाडी फार छान चालवतात. खड्डा आला की त्यालाच चार शब्द सुनावतात. रस्त्यात एकदा थांबून आम्ही गोणपाट उचलून पाहिलं. भेंडी गार होती. टोक मोडत होतं. मी मुद्दाम दोन-तीन क्रेटमधल्या मोडून पाहिल्या, फोटो काढले.

केंद्रापाशी पोचलो आणि थांबलो.

गेट बंद. गेटबाहेर टेम्पोंची रांग. आत मोठे ट्रक लागलेले, त्यांचा माल उतरेपर्यंत छोट्या गाड्यांना आत घेत नाहीत म्हणे. ताईंना मोबाईलवर कंपनीनेच वेळ दिलेली होती आणि त्या वेळेच्या आधीच आम्ही पोचलो होतो. झाड नाही, छप्पर नाही, वर पत्र्यासारखं तापलेलं आकाश. ताईंनी जवळच्या कॅनमधलं पाणी गोणपाटावर शिंपडलं. ते वाळलं. पुन्हा शिंपडलं. कॅन संपला. पुढच्या टेम्पोवाल्याने ताडपत्री टाकली होती. त्याने ती उचलली तेव्हा आतून वाफ आली.

मी सुरक्षारक्षकाला विचारलं, "आत एवढी मोठी शेड रिकामी दिसतेय. निदान गाड्या सावलीत घ्या ना."

"एंट्री झाल्याशिवाय आत घेता येत नाही, मॅडम."

"मग एंट्री करा."

"नंबर आल्यावर."

सकाळ उलटून दुपार झाली. रायत्याहून इथवर यायला जेवढा वेळ लागला, त्याच्या कितीतरी पट आम्ही त्या गेटसमोर उभे होतो. सुजाता आधी विनोद करत होती, मग रक्षकाशी भांडली. ताई भांडल्या नाहीत. त्या सारख्या मागे जाऊन क्रेटमध्ये हात घालून येत होत्या, तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तशा.

शेवटी नंबर लागला. तपासणीला तिशीतला एक माणूस आला, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. त्याने भेंडी उचलली, टोक दाबलं. वाकलं. दुसरी. वाकली. त्याने वरवरचे क्रेट बाजूला काढले, तळातले थोडे घेतले आणि म्हणाला, "ताई, बाकीचा माल नाही चालणार."

आता ताईंचा आवाज चढला. "सकाली मोडत व्हती. या मॅडमनी सोता मोडून बगली. तुमच्याच दारात उबी करून वालवलीव, आनि आता मना सांगतंस चालनार नाय?"

तो खाली बघत म्हणाला, "मला कळतंय ताई. पण मी तरी काय करू?"

मी त्याच्या टॅबमध्ये डोकावले. दोन बटणं होती. एक हिरवं: स्वीकारला. एक लाल: शेतावरील नुकसान. त्याचं बोट लाल बटणावर गेलं.

"एक मिनिट," मी म्हणाले. "हे शेतावरचं नुकसान कसं? माल शेतात उत्तम होता. इथे खराब झाला."

"मॅडम, गेटच्या बाहेरचं सगळं शेतावरच धरतात. तिसरं बटणच नाहीये."

आणि त्याने ते दाबलं.

मला त्या क्षणी जे झालं ते सांगता येणं कठीण आहे. माझ्या चित्रातला तो जाड लाल फाटा, ज्याला साहेब 'क्लीन' म्हणाले होते, तो माझ्या डोळ्यांदेखत तयार होत होता. कंपनीच्या गेटसमोर, कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या क्रेटमध्ये सुकलेली भेंडी एका बोटासरशी रंजनाताईंच्या नावावर चढली. हे मी सुबक गोलाई देऊन रंगवायचं आणि लोकांनी बघून म्हणायचं, अरेरे, आपल्या शेतकऱ्यांना माल हाताळता येत नाही!

परत दुर्गाडीचा पूल, परत कल्याण. भाजीबाजारात पोचलो तेव्हा सकाळचा व्यवहार कधीच आटोपला होता. ताईंच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने त्यांच्यासाठी म्हणून काही क्रेट घेतले, तेही मिळेल त्या भावात. सुजाताने व्हॅनमध्ये मावतील तेवढे भरले. उरलेले कोणालाच नको होते. ताईंनी ते एकेक करून बाजाराच्या कडेला कचऱ्याच्या ढिगावर ओतले. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "नको बाय, कपडे खराब होतील." दोन गाई आल्या आणि शांतपणे खाऊ लागल्या. ताईंनी रिकामे क्रेट झटकले, पुसले आणि टेम्पोत रचले.

"क्रेट परत द्यावे लागतात. ते कंपनीचे," म्हणाल्या.

डोंबिवलीला सुजाताच्या स्वयंपाकघरात त्या वाकणाऱ्या भेंडीची भाजी झाली. जिरं, हिरवी मिरची, थोडं आमसूल, वरून खोबरं. चवीला झकास. रात्रीच्या डब्यांमधून ती गेली आणि एकाही गिऱ्हाईकाची तक्रार आली नाही. खरं सांगते, तिथे पाटावर बसून जेवताना मला आणखी राग आला. जी भेंडी आम्ही बोटं चाटत खात होतो, तीच कंपनीच्या हिशेबात शेतातच मेली होती.

घरी येऊन मी जुनं चित्र बाजूला ठेवलं. अडचण अशी की फाईलमध्ये गेट नव्हतंच. शेत होतं, गोदाम होतं, मधली ती उन्हातली रांग कुठेच नव्हती. जे मोजलंच नाही ते दाखवायचं कसं? मी जागांचा विचार सोडला आणि वेळ धरली. एकाच टेम्पोचा एक दिवस, एका आडव्या पट्टीवर. गाडी चालते तेवढी पट्टी हिरवी, गाडी उभी असते तेवढी लाल. पट्टीच्या खाली फोटो: मळ्यात मोडलेलं टोक, रस्त्यात मोडलेलं टोक, गेटवर वाकलेलं टोक. लहानसा हिरवा तुकडा, आणि मग लालच लाल. वर एवढंच लिहिलं: एका टेम्पोचा एक दिवस. एका दिवसावरून सगळ्या जिल्ह्याचं सांगायचा मला अधिकार नव्हता, पण पाहिलेलं लपवायचाही नव्हता.

कंपनीला दाखवायच्या आधी मी ते घेऊन पुन्हा रायत्याला गेले. या खेपेला टिटवाळ्यापर्यंत लोकलने आणि तिथून गोवेलीमार्गे रिक्षाने. शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबायची तयारी असेल तर स्वस्तात पडतं. ताईंना आधी पहिलं चित्र दाखवलं.

"ही नदी काढलीस का? लाल पानी कशाला?"

मग नवी पट्टी दाखवली. त्यांनी लाल भागावरून बोट फिरवत शेवटपर्यंत नेलं.

"हा आमचा दिवस हाय," म्हणाल्या. "माजं नाव घाल खाली. मना भ्या नाय."

कंपनीबरोबरची बैठक बाळकुमला, एका नव्या संकुलाखालच्या ऑफिसात होती. नौपाड्याहून रिक्षाने गेले. त्या बाजूला जाणार असाल तर कापूरबावडीच्या कोंडीचा वेळ हाताशी ठेवा. खोलीत एसी एवढा होता की मी ओढणी अंगाभोवती गुंडाळली. पडद्यावर पट्टी लावली. मग साहेब म्हणाले, "हे गेट कशाला दाखवलंय?"

"कारण भेंडी तिथे सुकली."

"पण डेटात गेट नाहीये."

"म्हणून तर दाखवलंय. तुमच्या टॅबवर तिसरं बटण द्या, गाडी आली की आल्याची वेळ नोंदवा, मग डेटातही येईल."

"मॅडम, तुम्ही डिझायनर आहात. ऑपरेशन्स आमच्यावर सोडा." मग आवाज मऊ करून: "बघा, लाल जरा सॉफ्ट करता येईल. पीच वगैरे. आणि 'गेट'ऐवजी 'वाहतूक' म्हणू."

"वाहतूक कुठे होत होती? गाडी उभी होती!"

माझा आवाज इतका चढला की बाहेरून कोणीतरी काचेतून पाहिलं. मी म्हणाले, "ज्या बाईने पहाटे उठून माल आणला, तिच्या नावावर तुमची रांग चढवणार, आणि मी ती पीच रंगात रंगवू? नाही जमणार. माझं पहिलं चित्रही वापरू नका. काम सोडते मी."

"इमोशनल होताय तुम्ही."

"हो, होतेय."

बाहेर आले आणि रस्त्यावरच सुजाताला फोन केला. तिने दोन शिव्या दिल्या, साहेबांना. मग म्हणाली, "ती पट्टी मोठी छापून घे. कल्याणला माझ्या ओळखीचा फ्लेक्सवाला आहे."

पुढचं मी सुचवलेलं नाही, ताईंनीच ठरवलं. फ्लेक्स त्यांनी टेम्पोच्या बाजूला पूर्ण लांबीभर बांधला आणि नेहमीप्रमाणे माल घेऊन त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. बाकीचे टेम्पोवाले जमा झाले. ज्याला त्याला ती पट्टी एका दमात कळत होती. प्रत्येक जण लाल भागावर बोट ठेवून आपापली गोष्ट सांगत होता. दुसऱ्या दिवशी आणखी दोन टेम्पोंवर तोच फ्लेक्स. साहेबांचा मला फोन.

"मॅडम, ते बोर्ड काढायला सांगा."

"गाडी माझी नाहीये."

"चित्र तर तुमचं आहे!"

"दिवस त्यांचा आहे." आणि मी फोन ठेवला.

काही दिवसांनी गेटबाहेर हिरवी जाळी लागली. जाळीखाली गाड्या उभ्या राहतात, माल पूर्वीपेक्षा उशिरा सुकतो. कंपनीने तिचा फोटो आपल्या सोशल मीडियाच्या पानावर टाकला: आमच्या शेतकरी बांधवांसाठी सावली. रांग तेवढीच आहे. बटणं दोनच आहेत. रंजनाताईंनी निम्मी भेंडी कंपनीकडून काढून घेतली. ती आता थेट सुजाताकडे आणि डोंबिवलीतल्या आणखी काही पोळीभाजीवाल्यांकडे जाते. निम्मी अजून गेटवरच जाते, कारण एवढा माल दुसरं कोणी घेत नाही. ही जीत आहे का? मला नाही वाटत.

आणि मग परवा सकाळी घरी चहा पिताना आई पेपर वाचत होती. आई निवृत्त शिक्षिका, पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते. म्हणाली, "अगं, केवढी भाजी वाया जाते शेतातच! या लोकांनी जरा काळजी घ्यायला नको का?"

मी पेपर ओढला. कंपनीची अर्ध्या पानाची जाहिरात. दुसऱ्या कोणाकडून तरी काढून घेतलेलं चित्र, पण डावीकडचा तो जाड लाल फाटा जसाच्या तसा. शेजारी मातीने भरलेले दोन हात.

मी आईवर ओरडले. तिचा काय दोष? तिच्यासमोर चित्र ठेवलं होतं आणि तिने ते नीट वाचलं होतं. ती बावरून माझ्याकडे बघत राहिली. मग मी शेजारी बसले आणि आजवर न सांगितलेलं सगळं, मळ्यापासून कचऱ्याच्या ढिगापर्यंत, तिला सांगितलं. संपल्यावर तिने विचारलं, "आणि तेवढा वेळ ती बाई उन्हात उभी होती?"

"हो."

"आतून कोणी पाणी तरी विचारलं का तिला?"

मी आठवून पाहिलं. रक्षक, तपासणीवाला, आतबाहेर करणारे लोक. "नाही," म्हणाले. "कोणीच नाही विचारलं." आणि मला जाणवलं की ही गोष्ट कंपनीच्या चित्रात नव्हती, तशी माझ्या पट्टीतही नव्हती.

आईने चष्मा काढला. पेपरची घडी घातली, उठली आणि तो रद्दीच्या गठ्ठ्यावर नेऊन ठेवला. अजून निम्मा वाचायचा होता.